बेगमीचे महिने : अमेरिकन फुटबॉल संघाची जुळणी

फुटबॉल म्हटले की महाराष्ट्रातील व गोमंतकातील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे पायाने मारावयाचा वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेत त्याच नावाने ओळखला जाणारा खेळ अगदी निराळा आहे. तेथील चेंडू लांबट असून दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो बहुधा हातांत घेऊन पळावयाचा, किंवा सोबत्याकडे फेकावयाचा असतो. चढाई करणाऱ्या बाजूस चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. मैदानावर एका वेळी प्रत्येक बाजूचे अकराच गडी असतात; परंतु चढाईचे अकरा निराळे, बचावाचे अकरा निराळे, आणि चेंडू लाथेने मारावयाच्या प्रसंगी उतरणारे आणखी निराळे. दुखापती तर नित्याच्याच. म्हणून नावाला अकरा जणांचा असलेला हा संघ प्रत्यक्षात त्रेपन्न जणांचा असतो.

ह्या खेळाची व्यावसायिक संघटना, नॅशनल फुटबॉल लीग, १९२० साली स्थापन झाली. तिचे बत्तीस संघ आहेत. सप्टेंबरात सामने सुरू होतात. २०२१ पासून प्रत्येक संघ हंगामात सतरा साखळी सामने खेळतो. आणि फेब्रुवारीत सुपर बोल नावाच्या अंतिम सामन्याने हंगामाची सांगता होते. तेथून पुढे ऑगस्टपर्यंत एकही खरा सामना होत नाही. तरीसुद्धा पुढील वर्षीचे यशापयश ह्याच बिनखेळाच्या महिन्यांत बव्हंशी ठरून जाते, असे तेथील जाणते लोक मानतात. कोकणातील गृहिणी आगोटीपूर्वी मीठ, मिरची, सुकी मासळी व सरपण यांची बेगमी करते. एकदा पाऊस लागला म्हणजे काय उणे राहिले हे कळून उपयोग नसतो. तद्वतच संघाच्या व्यवस्थापकाची ही बेगमी असते. भेद इतकाच की, गृहिणी आपल्या ऐपतीप्रमाणे खर्च करते, तर येथे प्रत्येक संघाची ऐपत नियमानेच सारखी करून ठेवलेली आहे. बेगमीची ही रीत समजून घ्यावयाची, तर प्रथम हा नियम कसा आला हे पाहिले पाहिजे.

पूर्वी खेळाडूचा करार संपला, तरी तो खऱ्या अर्थाने मोकळा होत नसे. १९६३ सालापासून असा नियम होता की, करार संपलेल्या खेळाडूस दुसऱ्या संघाने घेतल्यास त्या संघाने जुन्या संघास मोबदला द्यावा, आणि दोघांचे एकमत न झाल्यास तो मोबदला संघटनेचे आयुक्त पीट रोझेल यांनी ठरवावा. मोबदला किती ठरेल याचा अंदाज नसल्यामुळे परक्या खेळाडूस हात लावण्यास कोणी सहसा धजत नसे. जॉन मॅकी ह्या खेळाडूने इतर खेळाडूंसह ह्या नियमाविरुद्ध दाद मागितली, आणि १९७६ साली वरिष्ठ न्यायालयाने तो नियम बेकायदा ठरविला. तथापि पुढील करारात मोबदल्याची अट निराळ्या रूपाने परत आली. १९८७ साली खेळाडूंनी चोवीस दिवस संप केला, तोही फसला. १९८९ साली मालकांनी एक मधली वाट काढली : प्रत्येक संघाने आपले सदतीस खेळाडू राखून ठेवावेत, उरलेले मोकळे समजावेत. म्हणजे ज्यांना मागणी होती ते बांधलेले, आणि ज्यांना नव्हती ते स्वतंत्र! फ्रीमन मॅक्नील व इतर खेळाडूंच्या फिर्यादीवरून १९९२ साली मिनीआपोलिस येथील पंचमंडळाने हीही रीत स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध असल्याचा निर्णय दिला. तेव्हा कोठे उभयपक्षी तडजोड झाली. १९९३ पासून खेळाडूंना मोकळीक मिळाली. आणि त्या मोकळिकीचा मोबदला म्हणून १९९४ पासून मालकांना वेतनमर्यादा मिळाली. एका संघाने आपल्या सर्व खेळाडूंवर मिळून वर्षात अमुक रकमेहून अधिक खर्च करावयाचा नाही, असा तो निर्बंध होय.

पहिल्या वर्षी ही मर्यादा सुमारे ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाख डॉलरांवर गेली. हा आकडा कोणाच्या लहरीवर ठरत नाही. संघटनेच्या एकंदर उत्पन्नापैकी सुमारे ४८ टक्के वाटा खेळाडूंचा, असे २०२० च्या करारात ठरले आहे, व त्यावरून मर्यादा काढली जाते. म्हणून उत्पन्न वाढले की ती वाढते, आणि घटले की घटते. महामारीच्या वर्षी प्रेक्षागारे ओस पडली, तेव्हा २०२० मधील १९ कोटी ८२ लाखांची मर्यादा २०२१ साली १८ कोटी २५ लाखांवर उतरली, आणि ती चढतच राहील ह्या भरवशावर करार करून बसलेल्या संघांची तारांबळ उडाली.

ह्या समान मर्यादेचा लाभ कोणास झाला, हे ग्रीन बे येथील पॅकर्स संघाच्या उदाहरणावरून दिसते. ग्रीन बे हे विस्कॉन्सिन संस्थानातील जेमतेम लाखभर वस्तीचे गाव. तेथील संघास धनाढ्य मालक नाही. १९२३ पासून तो भागधारक नागरिकांच्या मालकीचा आहे, आणि आज त्या भागधारकांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे. १९६७ च्या विजेतेपदानंतर ह्या संघाची पंचवीस वर्षे बव्हंशी निराशेत गेली होती. मोकळिकीच्या पहिल्याच वर्षी, १९९३ साली, बचावफळीतील त्या काळचा सर्वांत नावाजलेला मोकळा खेळाडू रेजी व्हाइट हा फिलाडेल्फिया सोडून ह्या थंड, आडबाजूच्या गावी चार वर्षांच्या १ कोटी ७० लाख डॉलरांच्या करारावर आला. खेळाडूंच्या वतीने चाललेल्या सामुदायिक दाव्यावर ज्याचे नाव होते, तोच हा व्हाइट. जानेवारी १९९७ मध्ये ग्रीन बेने न्यू इंग्लंडचा ३५–२१ असा पराभव करून सुपर बोल जिंकला, आणि त्या सामन्यात व्हाइटने प्रतिपक्षाच्या सूत्रधारास तीन वेळा भुईवर लोळविले. समान मर्यादा नसती, तर न्यूयॉर्कसारख्या महानगराच्या संघांशी ह्या गावाने वर्षानुवर्षे बरोबरी करणे दुरापास्त होते.

येथे भारतीय श्रोत्यांस क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगची आठवण होईल. तेथेही २००८ पासून प्रत्येक संघाच्या खर्चास मर्यादा आहे. परंतु क्रिकेटच्या त्या लिलावात खेळाडूवर बोली लागते, आणि जो संघ अधिक बोली करील त्याच्याकडे त्यास जावे लागते. अमेरिकन फुटबॉलमधील मोकळा खेळाडू लिलावात उभा राहत नाही. तो आपल्या मुखत्यारामार्फत अनेक संघांशी बोलतो, आणि पैसा, गाव, प्रशिक्षक, जिंकण्याची आशा हे सर्व तोलून स्वतः निवड करतो. संघाने त्यास निवडणे आणि त्याने संघास निवडणे, अशा दोन्ही बाजूंच्या पसंतीने हे लग्न जमते.

आता खर्चाच्या हिशेबाची खुबी पाहू. मर्यादा सालाबादची असली, तरी करार अनेक वर्षांचे असतात, आणि करारातील सर्वच पैसा ज्या वर्षी दिला त्याच वर्षाच्या खाती पडत नाही. समजा, एका खेळाडूशी पाच वर्षांचा करार झाला, आणि सही करताच त्यास अडीच कोटी डॉलर रोख दिले. शिवाय पहिल्या वर्षाचे वेतन दहा लाख ठरले. खेळाडूच्या हाती पहिल्या वर्षी दोन कोटी साठ लाख पडले. परंतु सहीची रक्कम कराराच्या वर्षांवर, अधिकांत अधिक पाच वर्षांवर, समान वाटून लिहिण्याची मुभा आहे. म्हणून मर्यादेच्या खात्यात पहिल्या वर्षी पन्नास लाख व वेतनाचे दहा लाख मिळून साठच लाख दिसतात. उरलेले दोन कोटी पुढील चार वर्षांच्या माथी बसतात.

हा खेळाडू दोन वर्षांनी निरुपयोगी ठरला व संघाने त्यास काढून टाकले, तर काय होते? सहीच्या रकमेचे जे तीन हप्ते लिहावयाचे राहिले, ते दीड कोटी डॉलर एकदम त्याच वर्षाच्या खाती येऊन आदळतात. खेळाडू गेला, पैसा पूर्वीच गेला, आणि खर्च मात्र आता लिहावा लागतो. ही बुडीत रक्कम होय. एक जूननंतर खेळाडूस सोडल्यास, किंवा तशी नोंद करून सोडल्यास, त्या वर्षी एकच हप्ता धरून उरलेली रक्कम पुढील वर्षावर ढकलता येते. पण ती चुकत नाही. अडचणीत आलेले संघ चालू वर्षाच्या वेतनाचे सहीच्या रकमेत रूपांतर करून तेही पुढील वर्षांवर वाटतात. कित्येकदा तर खेळाडू खेळणारच नाही अशी केवळ कागदावरची वर्षे करारास जोडतात. ह्या सर्व युक्त्या कायदेशीर आहेत, आणि जिंकण्याची संधी अगदी जवळ आली असता त्या योग्यही ठरतात. परंतु ऋण काढून सण करण्याची सवय लागली म्हणजे एक वर्ष असे उगवते की, संघाच्या मर्यादेचा मोठा भाग त्या संघात नसलेल्या माणसांवर खर्ची पडलेला असतो. उलट, ज्या संघाने हात आखडता ठेवला, त्यास न वापरलेली शिल्लक पुढील वर्षाच्या मर्यादेत जमा करून घेता येते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण ह्या हिशेबास अक्षरशः लागू पडते.

बेगमीचे काम कोणत्या क्रमाने चालते, तेही जाणण्यासारखे आहे. पहिले काम घरातील चीजवस्तू मोजण्याचे. फेब्रुवारीत व्यवस्थापक, प्रशिक्षक व पारखी मंडळी एकत्र बसून आपल्याच खेळाडूंची प्रतवारी लावतात : ज्याच्यावाचून चालणार नाही असा, योग्य किमतीत राहिला तर हवा असा, आणि ज्याचे आभार मानून निरोप द्यावा असा. ही प्रतवारी लावताना सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे कृतज्ञतेस हिशेबापासून वेगळे ठेवणे. खेळाडूने गेल्या तीन वर्षांत जे केले त्याबद्दल त्यास पैसे मिळून गेलेले असतात. नवा करार हा पुढील तीन वर्षांसाठी असतो. एकतिसाव्या वर्षी धावपटूचे पाय पंचविसाव्या वर्षीचे राहत नाहीत, हे सर्वांना कळते. तरीही आपल्या संघाच्या लाडक्या वीरास तेच सांगण्याचा प्रसंग आला की भले भले व्यवस्थापक कचरतात.

ज्यास कोणत्याही परिस्थितीत जाऊ द्यावयाचे नाही, अशा एका खेळाडूवर संघास वर्षातून एकदा राखीवपणाचा शिक्का मारता येतो. त्यास एका वर्षासाठी त्याच्या जागेवरील सर्वोच्च पाच वेतनांच्या सरासरीइतके, किंवा त्याच्या आधीच्या वेतनाच्या एकशेवीस टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते द्यावे लागते. हा शिक्का वरवर सोयीचा. पण तो पुढे ढकललेला निर्णय असतो. वॉशिंग्टनच्या संघाने आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, कर्क कझिन्स यावर २०१६ व २०१७ अशी दोन वर्षे ओळीने शिक्का मारला. त्यास पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी व दुसऱ्या वर्षी सुमारे २ कोटी ३९ लाख डॉलर मिळाले, आणि २०१८ साली तो मोकळा होऊन मिनेसोटाकडे तीन वर्षांच्या ८ कोटी ४० लाख डॉलरांच्या, पूर्ण हमीच्या करारावर निघून गेला. वॉशिंग्टनच्या हाती दोन वर्षे लागली, माणूस लागला नाही. मिनेसोटाचाही हेतू लगेच साधला नाही : २०१७ साली सोळांपैकी तेरा सामने जिंकणाऱ्या त्या संघाने २०१८ मध्ये आठच जिंकले.

दुसरे काम बाजाराचे. मार्चच्या मध्यास संघटनेचे नवे वर्ष सुरू होते, आणि त्या क्षणी प्रत्येक संघाचा खर्च मर्यादेच्या आत असावाच लागतो. ह्या मोसमात संघात नव्वदपर्यंत खेळाडू ठेवता येतात, पण हिशेबात सर्वांत महागडे एक्कावन्नच धरतात. नव्या वर्षाच्या दोन दिवस आधीपासून मोकळ्या होणाऱ्या खेळाडूंच्या मुखत्यारांशी बोलणी करण्यास परवानगी असते. म्हणून पहिल्या काही तासांतच मोठमोठे करार जाहीर होतात. बाजाराचा सामान्य नियम येथेही चुकत नाही. पहिल्या दिवशीचा माल महाग असतो, कारण बत्तीस गिऱ्हाइके एकदम दाराशी उभी असतात. शिवाय खुल्या बाजारात आलेल्या खेळाडूविषयी एक प्रश्न नेहमी विचारावा लागतो : ज्या संघाने ह्यास चार वर्षे रोज जवळून पाहिले, त्याने ह्यास का जाऊ दिले? कधी उत्तर केवळ पैशाची अडचण असे असते. कधी ते उत्तर विकत घेणाऱ्यास उशिरा कळते.

२०११ साली फिलाडेल्फियाने असाच मोठा बाजार केला. नम्दी असोमुआ ह्या नामांकित बचावपटूशी पाच वर्षांचा सहा कोटी डॉलरांचा करार झाला, आणखीही नामवंत आले, आणि संघातीलच एका नवागताने त्यास ‘स्वप्नसंघ’ असे नाव देऊन टाकले. त्या स्वप्नसंघाने पहिल्या बारा सामन्यांपैकी आठ गमावले. शेवटचे चार जिंकून आठास आठ अशी बरोबरी साधली, पण अंतिम फेऱ्यांत त्यास प्रवेश मिळाला नाही. असोमुआस दोन वर्षांनी निरोप देण्यात आला. नावे एकत्र आली होती. संघ व्हावयास जो काळ लागतो तो मिळाला नव्हता.

याउलट शहाणी खरेदी बहुधा जेथे इतरांना भय वाटते तेथे होते. २००५ च्या शेवटच्या सामन्यात सॅन डिएगोचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ याचा उजवा, म्हणजे चेंडू फेकण्याचा, खांदा जायबंदी झाला. मायामीच्या वैद्यांना तो खांदा भरवशाचा वाटला नाही. त्या संघाने डॉन्ते कल्पेपर यास आणले, ज्याचा गुडघा दुखावलेला होता, आणि जो २००६ साली त्यांच्याकडून चारच सामने खेळू शकला. न्यू ऑर्लिन्सचे शहर तेव्हा कॅटरिना वादळाच्या जलप्रलयातून नुकतेच डोके वर काढीत होते, आणि संघाने आदल्या वर्षी सोळांपैकी तीनच सामने जिंकले होते. त्यांनी ब्रीझवर विश्वास टाकला. २००६ मध्ये त्यांनी दहा सामने जिंकले, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सुपर बोल जिंकला. दोन्ही संघांपुढे दुखावलेलेच खेळाडू होते. कोणत्या दुखापतीवर भरवसा ठेवावा, एवढ्या एका निर्णयावर दोन शहरांच्या कित्येक वर्षांचा खेळ ठरला.

तिसरे काम एप्रिलच्या अखेरचे. विद्यापीठांतून येणाऱ्या तरुण खेळाडूंची निवड १९३६ पासून चालत आली आहे. तिच्या सात फेऱ्या असतात, आणि आदल्या हंगामात जो संघ सर्वांत मागे राहिला त्यास प्रथम निवडण्याचा मान मिळतो. मार्चमधील खरेदीचा खरा उपयोग ह्या निवडीच्या वेळी कळतो. ज्या संघाने आपल्या ठळक उणिवा आधीच साध्या, स्वस्त खेळाडूंनी भरून काढल्या, तो एप्रिलमध्ये उत्तम तरुण निवडतो. ज्याने त्या तशाच ठेवल्या, त्यास गरज भागविणारा तरुण निवडावा लागतो, मग तो उत्तम असो वा नसो. भुकेल्या पोटी बाजारास जाऊ नये म्हणतात, ते ह्याच अर्थाने.

तरुणांचे महत्त्व २०११ नंतर विशेष वाढले. २०१० साली पहिला निवडलेला सॅम ब्रॅडफर्ड यास सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाखांचा करार मिळाला होता, आणि त्यांपैकी पाच कोटी हमीचे होते. पुढच्याच वर्षी नवोदितांच्या वेतनाचे प्रमाण ठरवून दिले गेले, आणि पहिला निवडलेला कॅम न्यूटन चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाखांवर आला. म्हणजे गुणी तरुण पहिली चार वर्षे बाजारभावाहून कितीतरी स्वस्त पडतो, आणि जी रक्कम वाचते तिच्यातून इतर जागा भरता येतात.

रसेल विल्सन ह्या एका क्वार्टरबॅकच्या कारकिर्दीत ह्या हिशेबाच्या दोन्ही बाजू पाहावयास मिळतात. सिअ‍ॅटलने २०१२ साली त्यास तिसऱ्या फेरीत निवडले. त्याचे वेतन वर्षास दहा लाख डॉलरांहूनही कमी होते. वाचलेल्या पैशांतून त्या संघाने मार्च २०१३ मध्ये क्लिफ अ‍ॅव्हरिल व मायकेल बेनेट हे बचावपटू बाजारातून आणले, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये डेन्व्हरचा ४३–८ असा धुव्वा उडवून सुपर बोल जिंकला. पुढे २०२२ साली त्याच डेन्व्हरने विल्सनला आपल्याकडे आणण्यासाठी पहिल्या फेरीच्या दोन व दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी आणि तीन खेळाडू सिअ‍ॅटलला दिले, आणि त्याने डेन्व्हरकडून एकही सामना खेळण्यापूर्वी त्याचा करार सुमारे २४ कोटी २६ लाख डॉलरांनी वाढविला. दोन्ही वर्षे संघ अंतिम फेऱ्यांबाहेर राहिला. मार्च २०२४ मध्ये विल्सनला मोकळे करण्यात आले, आणि साडेआठ कोटी डॉलरांची बुडीत रक्कम दोन वर्षांच्या खाती लिहावी लागली. एका खेळाडूपायी एवढी रक्कम तोपर्यंत कोणत्याही संघाने बुडविली नव्हती.

आता हा संघ पुरता बसणार, असे पुष्कळांना वाटले. परंतु एप्रिल २०२४ मध्ये डेन्व्हरने बारावी निवड वापरून बो निक्स हा तरुण क्वार्टरबॅक घेतला. त्याचा चार वर्षांचा करार सुमारे १ कोटी ८६ लाखांचा, म्हणजे बुडीत रकमेच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी होता. त्या वर्षी संघाने सतरापैकी दहा सामने जिंकले, आणि २०१५ च्या हंगामानंतर प्रथमच अंतिम फेऱ्यांत प्रवेश केला. स्वस्त तरुणाच्या बळावर सिअ‍ॅटल ज्या वाटेने वर चढले होते, त्याच वाटेने डेन्व्हर खड्ड्यातून बाहेर आले. चूक मान्य करून तिची किंमत एकदम मोजावयास धैर्य लागते. पण ती पाच वर्षे थोडी थोडी मोजीत राहणे त्याहून महाग पडते.

धीर धरणाऱ्या संघांसाठी आणखी एक योजना आहे. ज्या संघाचे मोकळे खेळाडू अधिक गेले आणि ज्याने बाहेरून कमी आणले, त्यास भरपाई म्हणून पुढील वर्षी तिसऱ्या ते सातव्या फेऱ्यांच्या अखेरीस जादा निवडी मिळतात. बाल्टिमोरच्या संघाने ह्या नियमाचा उपयोग जितक्या चिकाटीने केला तितका क्वचितच कोणी केला असेल. महाग झालेला खेळाडू जाऊ द्यावा, बदली निवड घ्यावी, तरुण तयार करावा. आणि बाजारातून आणावयाचेच तर बहुधा दुसऱ्या संघाने काढून टाकलेले खेळाडू आणावेत, कारण असे खेळाडू ह्या भरपाईच्या हिशेबात धरले जात नाहीत. मुळे जपून फळे काढणाऱ्या बागाईतदाराची ही रीत आहे. ती दरवर्षी विजेतेपद देत नाही. पण बाग उजाड होऊ देत नाही.

हा सर्व हिशेब संघाच्या बाजूने झाला. त्याची दुसरी बाजू खेळाडूची. वर्तमानपत्रांत जे कोटींचे आकडे छापून येतात, त्यांपैकी हमीचा पैसा बहुधा एका भागापुरताच असतो. उरलेला पैसा, खेळाडू त्या त्या वर्षी संघात राहिला तरच मिळतो. पूर्ण मोकळीक मिळण्यास खेळाडूच्या खाती चार हंगाम जमा असावे लागतात. आता खेळाडूंच्या संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांहूनही कमी असते. ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवली म्हणजे ध्यानात येते की, मॅकी, मॅक्नील व व्हाइट यांनी ज्या मोकळिकीसाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या, तिच्या दारापर्यंत बहुसंख्य खेळाडू पोहोचतच नाहीत. ते आपली सर्वांत चांगली वर्षे नवोदितांच्या ठरीव वेतनावर देतात, आणि गुडघा किंवा खांदा गेला की बाहेर पडतात. संघास जो तरुण स्वस्त पडतो, तो स्वस्त पडण्याचे कारण हेच. हे वेतनही, २०२५ साली किमान ८ लाख ४० हजार डॉलर, सामान्य माणसाच्या मानाने अल्प नव्हे. परंतु ते वर्षभर टिकेल याची शाश्वती नसते, आणि त्यानंतर शरीराचे जे मोल द्यावे लागते ते जन्मभराचे असते.

बेगमीचा शेवट ऑगस्टच्या अखेरीस होतो. नव्वदांच्या यादीतून त्रेपन्न ठेवावयाचे, म्हणजे सर्व संघांच्या याद्या भरलेल्या धरल्या तर प्रत्येकाने सदतीस जणांना काढावयाचे. बत्तीस संघांचे मिळून हे जवळजवळ बाराशे तरुण होतात, आणि त्यांना एका ठरावीक मुदतीच्या आत हा निरोप मिळतो. त्यांपैकी कित्येकांना सरावापुरते राखून ठेवलेल्या सोळा-सोळांच्या तुकड्यांत पुन्हा जागा मिळते. बाकीचे घरी परततात. व्यवस्थापकाच्या कागदावर ती एक वजाबाकी असते. तिच्यातील प्रत्येक आकडा लहानपणापासून ह्याच एका गोष्टीसाठी झिजलेला असतो. ज्या व्यवस्थापकास हे विसरता येते, तो कदाचित हिशेब लवकर उरकील. परंतु उरलेल्या त्रेपन्न जणांची मने सांभाळणे त्यास कठीण जाईल, कारण निरोप कसा दिला गेला हे ते पाहत असतात.

असो. मार्च महिन्यात अमुक खेळाडूने अमुक कोटींचा करार केला, अशी वार्ता दरवर्षी समुद्रापलीकडून येतच राहते. ती कानी पडल्यावर आकड्याने दिपून न जाता श्रोत्यांनी चार गोष्टी विचाराव्यात. त्या रकमेत हमीची किती. करार संपेल तेव्हा खेळाडूचे वय काय असेल. त्याला घेण्यासाठी संघाने कोणाला जाऊ दिले. आणि तो न चालल्यास बुडीत रक्कम किती उरेल. ह्या चार प्रश्नांची उत्तरे ज्या संघाने सही करण्यापूर्वीच लिहून ठेवली असतील, त्याच्या सप्टेंबराविषयी फारशी चिंता करण्याचे कारण नाही.